पंधरा दिवसांसाठी नेलेला पंप

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला अर्धं माहीत होतं, आणि ती ते अर्धं घेऊन गेली. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. माझ्याबद्दल तुमचं काही चांगलं मत झालेलं नाही, त्यामुळे ते मोडणारही नाही.

मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. मेकॅनिकल. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय शोधत माझ्याकडे येतात आणि मी त्यांना दर वर्षी एकच गोष्ट सांगते — आम्ही विद्यार्थी असताना डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावर ओढ्याचं पाणी चढवलं होतं, विजेशिवाय, डिझेलशिवाय. हाताला तेल लागल्याशिवाय इंजिनीअर होता येत नाही, असंही सांगते. मुलं ऐकतात. एखादी मुलगी विचारते, "मॅडम, तो पंप अजून चालतो?"

"बरीच वर्षं चालला," मी म्हणते.

तो साडेतीन महिने चालला.

पण हेही अजून खरं सांगणं नाही. पंप बंद पडला असता तर त्यात माझं काय चुकलं असतं? यंत्रं बंद पडतातच. तो बंद पडला नव्हता.

मी सापगावची. घरची भातशेती, वडील रोज नोकरीला कल्याणला. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी मेकॅनिकलला गेले तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते. वर्कशॉपमध्ये चार-चार जणांचे गट असायचे. लेथवर मुलं उभी राहायची आणि मला म्हणायची, तू जर्नल लिही, तुझं अक्षर छान आहे. मी लिहायची. तीन वर्षं मी जर्नलं लिहिली. प्रयोगांची रीडिंग्ज आदल्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून उतरवायची, जरा इकडेतिकडे बदलून — सगळेच तसं करायचे. नेटका आलेख काढायचे. मला नेहमी चांगले मार्क मिळाले. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटीसुद्धा पाना कोणत्या बाजूला फिरवला की बोल्ट सैल होतो, हे मला क्षणभर थांबून आठवावं लागायचं. हे सांगताना आजही लाज वाटते. पण ही ती लाज नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आलं. गाइड सरांनी खेड्याला उपयोगी पडेल असं काही करा म्हटलं. आमच्या गटात केतन नावाचा कल्याणचा मुलगा होता, हुशार आणि सरळ. बाकीचे दोघं सह्यांपुरते. केतनने वाहत्या पाण्याच्या धक्क्यावर चालणाऱ्या पंपाची माहिती शोधून आणली. ओढ्याचं पाणी पाइपातून जोरात खाली येतं, झडप खटकन बंद होते, त्या दणक्याने थोडं पाणी वरच्या पाइपात चढतं. मग झडप खाली पडून उघडते, पुन्हा तेच. चोवीस तास, कोणी चालवायला नको. फक्त बारमाही ओढा पाहिजे आणि वर पाण्याची गरज असलेली माणसं पाहिजेत.

"तुझ्याकडे असेल ना असं गाव?" केतनने विचारलं.

माझ्याकडे हिरू होती.

हिरू दर पावसाळ्यात आमच्याकडे भाताच्या लावणीला यायची. डोळखांबकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, अकरा घरांची वस्ती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी — सोमी. आमच्या घरात सगळे तिला नुसतं हिरू म्हणत. मीही, लहान असून. तिच्या पाड्याखाली ओढा होता आणि तिथून बायका डोक्यावर हंडे घेऊन अर्धा तास चढत, हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. ऐकून माहीत असणं म्हणजे किती माहीत असणं?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पंप नेला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला — म्हणजे केतनने बनवलेला. पाड्यावरच्या माणसांनी दगड रचून ओढ्याला बांध घातला, पाइप टाकले, वर एक सिमेंटची टाकी ठेवली. पंप सुरू केला. दहा-बारा ठोके पडले आणि थांबला. पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबला. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळून परत गेली, दिवाळी होती ना. केतनला ताप भरला होता. मी म्हटलं, मी बघते, माझं घर जवळ आहे.

काय बघणार होते मी?

मी ओढ्यात पंपाजवळ कागद घेऊन बसले. गणित करत. हिरू शेजारच्या दगडावर बसली होती. ती बराच वेळ पंपाचे तुटक ठोके ऐकत होती. मग म्हणाली, "बाय, ह्याला धाप लागलीय. घाई करतंय. जरा दम खाऊ दे त्याला."

मी हसले. ती हसली नाही. तिने पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. "खोल ना. बघू तरी आत काय हाय."

माझ्या हातात पाना देणारं ते पहिलं माणूस. आम्ही दोघींनी झडप उघडली. आतला रबरी वायसर कडक होता, एका कडेने बसतच नव्हता. हिरूने आपल्या पायातली स्लिपर काढली, कोयत्याने तिच्या तळाचा गोल तुकडा कापला, दगडावर घासून पातळ केला. बसवून पाहिला. जाड झाला. पुन्हा घासला. झडपेच्या दांड्यावर आम्ही तीन नट चढवले होते वजनाला, त्यातला एक तिने काढायला लावला. मी काढला. माझ्या हाताने, डावीकडे फिरवून. बोटं सोलली. सांगू का — त्या दुपारी मला जेवढा आनंद झाला तेवढा नंतर पदवी घेताना झाला नाही.

संध्याकाळी पंप लागला. एका लयीत. हिरूने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आता बरोबर चालतोय." वरून सोमी ओरडत आली, टाकीत पाणी पडतंय म्हणून. धार करंगळीएवढी होती, पण अखंड. सकाळपर्यंत टाकी भरून वाहत होती.

त्या दिवसापासून मी तिला हिरूमावशी म्हणू लागले.

आता जे पुढे झालं ते नीट ऐका, कारण माझा गुन्हा त्यावरच मोजायचा आहे. त्या पाड्यावरची घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. पोरंबाळं, भांडी, कोंबड्यांसकट टेम्पोत बसून. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. सोमी दर वर्षी सहामाही परीक्षेनंतर शाळेतून उठायची. त्या वर्षी टेम्पो आला तेव्हा हिरूमावशीने सांगितलं, आमी नाय येत. तिचं ऐकून आणखी चार घरं थांबली. टाकीखालच्या तुकड्यात त्यांनी वांगी, मिरची, वाल लावला. सोमी सातवीत होती आणि नाताळानंतरही शाळेत जात होती. मी रविवारी जायची, पंप तपासायला म्हणून. खरं तर तपासायला मावशीच असायची. वायसर झिजला की ठोका बदलतो हे तिला लांबून, अंगणात बसून कळायचं. ती खाली उतरायची, पाच मिनिटांत बदलायची. मी वहीत नोंद करायची.

फेब्रुवारीच्या शेवटी सरांनी सांगितलं की परीक्षेला फोटो आणि रीडिंग्ज चालतील. पण कॉलेजांमधल्या प्रोजेक्टची एक स्पर्धा आहे, तिथे चालू पंप प्रत्यक्ष दाखवलात तर पहिला नंबर तुमचाच.

केतन म्हणाला, "दुसरा बनवू या. वर्कशॉपमध्ये सामान पडलंय, दोन आठवडे आहेत."

बरोबर होतं त्याचं. सोपं होतं. आणि मी नको म्हटलं.

का? हे आजवर कागदावरही लिहिलेलं नाही. रिपोर्टमध्ये झडपेचं प्रकरण माझ्या नावावर होतं. मी त्यात सूत्रं घातली होती, स्लिपरच्या तुकड्याची जाडी मोजून तिथपर्यंत उलटं गणित करत आणलेली. हिरूमावशीचं नाव कुठेच नव्हतं; "स्थानिक सहकार्य" असे दोन शब्द होते. आणि मी एका शनिवारी वर्कशॉपमध्ये एकटीने तशी झडप बनवून पाहिली होती. पाण्याच्या टाकीला जोडली. तीन ठोके पडले आणि बंद. तीनदा बनवली, तीनदा बंद. मला जमत नव्हतं. दुसरा पंप बनवला असता तर ते सगळ्यांसमोर आलं असतं. किंवा मावशीला कॉलेजात आणावं लागलं असतं — नऊवारी खोचून, लेथच्या शेजारी, सरांना दम खाऊ देण्याबद्दल सांगायला.

इतकं वाईट झालं असतं ते?

मी केतनला सांगितलं, पाड्यावरच्या लोकांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. आणि पाड्यावर जाऊन मावशीला सांगितलं, पंपाच्या आत तडा गेलाय, कॉलेजात नेऊन जोडायला हवा. पंधरा दिवस लागतील.

"चालतोय तर बरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला आतलं कळतं गो. ने."

आम्ही दोघींनीच तो खोलला. वजनदार होता. मी माणूस बघते म्हणाले, तर तिने चुंबळ केली आणि तो डोक्यावर घेतला. डोळखांबच्या रस्त्यापर्यंत, उतारावरून, उन्हात. मी मागून पाने आणि नट-बोल्टची पिशवी घेऊन चालत होते. गाडी आली तेव्हा तिने कमरेची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. दोन वायसर होते, कापून, घासून तयार. "तिकडं खराब झाला तर कुठं शोधशील?"

स्पर्धेच्या सकाळी वायसर फाटला. मी पुरचुंडीतला घातला. पंप लागला आणि दिवसभर चालला. एका परीक्षकांनी अंगठ्याने झडप दाबून विचारलं, हे रबर कुठलं? मी न अडखळता सांगितलं, "सर, आठ-दहा प्रकारची रबरं तपासली, त्यातून हे निवडलं." त्यांनी मान डोलावली. पहिला नंबर आला. प्राचार्यांनी पंप कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं. खाली पितळी पाटी, चौघांची नावं. माझं पहिलं.

मी तेव्हा म्हणू शकले असते की सर, हा परत द्यायचाय. एक वाक्य. कोणी नाही म्हटलं नसतं. प्राचार्य तर खूश झाले असते. मी म्हटलं नाही — कारण परत नेला तर मावशीला कपाटाचं, पाटीचं कळेल, केतनला तड्याचं कळेल, अशी भीती? की ती पाटी मला हवी होती? खरं सांगते, पाटी हवी होती. केतनने एप्रिलमध्ये विचारलं तेव्हा मी म्हटलं, दुसरा बनवून बसवून आले. त्याने विश्वास ठेवला. पुढे त्याच्या लग्नात त्याने बायकोशी ओळख करून दिली — हिच्यामुळे एका पाड्याला पाणी मिळालं. मी हसून नमस्कार केला.

एप्रिलमध्येच हिरूमावशी सापगावला आमच्या घरी आली. चालत. मी पडवीतून तिला बांधावरून येताना पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आईने मला जाताना पाहिलं. बाहेर मावशी विचारत होती, बाय हाय का? आई म्हणाली, "कॉलेजात गेलीय. परीक्षा आहे."

"शिकू दे. मी बसतंय जरा."

ती दुपारपर्यंत ओट्यावर बसली. आईने तिला चहा दिला, भाकरी दिली. मी दाराआड जमिनीवर बसले होते, गुडघ्यांना मिठी मारून, बावीस वर्षांची घोडी. शिंक येईल म्हणून नाक दाबून धरलं होतं. ती आईला सांगत होती, पाण्याबिगर वांगी बारकी राहिली, मिरची तर जळलीच. ओरडून नाही, तक्रारीने नाही. चार घरं तिला बोलतात, तूच आमाला थांबवलंस म्हणून. भट्टीवाल्याकडे उशिरा जावं लागतंय, परवा निघणार. सोमीचीही शाळा सुटली. जाताना तिने पदरातून वांगी काढून आईपुढे ठेवली. "बायला आवडतात."

ती गेल्यावर आईने दार उघडलं. "गेली ती," एवढंच म्हणाली. संध्याकाळी तिने ती वांगी केली. मी जेवले.

पंपाच्या प्रोजेक्टवर मला मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. शहापूरहून किन्हवलीमार्गे बस जायची. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी, मुरबाडच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या भट्टीसमोर बस थांबली. खिडकीखालीच बायका विटा वाहत होत्या. सोमी होती त्यात. डोक्यावर फळी, फळीवर विटा, मान ताठ. आणि तिच्यामागे मावशी. तिने वर पाहिलं. ओळखलं. मातीने माखलेला हात उचलला आणि हसली — ओ बाय!

मी मान फिरवून पलीकडच्या खिडकीकडे पाहायला लागले. बस सुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून मी आधीच्या, अंधारातच सुटणाऱ्या गाडीने जाऊ लागले.

दहा-बारा वर्षं गेली. नोकरी सोडून मी शिकवायला लागले. कॉलेजने एकदा पाण्याच्या पाहणीसाठी मुलं घेऊन डोळखांबकडे जायला सांगितलं, आणि मुलांनी नेमका तोच पाडा निवडला. टाळता आलं असतं. मी गेले. मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं.

हिरूमावशी अंगणात होती. डोळे अधू झालेले, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. जवळ बसवलं. मुलांना पाणी दिलं — हंड्यातलं. मुलं घरं मोजायला पांगली तेव्हा ती हळूच म्हणाली, "तो दुरुस्त नाय झाला ना?"

"नाही झाला, मावशी."

"मला वाटलंच. नायतर तू आनून दिला असतास." तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मीच वायसर जाड कापला असंल. झाकन जोरात आपटून आत तडा गेला असंल. तुझी एवढी मेहनत... मी कोनाला बोलले नाय. पन मला ठावं होतं."

तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला वाटलं असतं, आता ही बोलेल. इतकी वर्षं त्या बाईने तो तडा स्वतःच्या हातावर घेतला होता — जो तडा नव्हताच. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मावशी, तुझा वायसर बरोबर होता. बाकीचं नसतं सांगितलं तरी एवढं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "असू दे, मावशी."

म्हणजे मी तिला माफ केलं. ऐकलंत का? मी, तिला. आणि तिला खरंच बरं वाटलं. तिने डोळे पुसले, मुलांसाठी वाल उकडले.

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. तीन वर्षांनी शहापूरच्या एसटी स्टँडवर एका बाईने मला हाक मारली. सोमी. दोन मुलं बरोबर, तीही भट्टीवर निघालेली. ती म्हणाली, आई पौषात गेली. तुमचं नाव काढायची शेवटपर्यंत. म्हणायची, त्या बायने जीव लावून पानी आनलं आनि माझ्या हातानं ते बिघडलं.

किन्हवलीची गाडी लागायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही बाकावर शेजारी बसलो. मी तिच्या मुलांना बिस्किटं घेऊन दिली, कितवीत आहेत विचारलं. मोठी म्हणाली, चौथीत होते. गाडी लागली. सोमीने गाठोडं उचललं, मुलांना पुढे घातलं आणि चढली. खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं. गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते, आणि मी तिलाही सांगितलं नाही.